शटल चंद्रावर का गेलं नाही?

नागपुरात रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणातला शो संपला, की एखादं पोरगं हमखास विचारतं: नासाचं स्पेस शटल हे यान शंभरावर वेळा वर जाऊन परत आलं, मग ते चंद्रावर का नाही पाठवलं? प्रश्न रास्त आहे. पण पृथ्वीभोवती फिरून येणारं यान वेगळं आणि चंद्रावर जाऊन येणारं वेगळं.

१९८१ ते २०११ या काळात शटलची १३५ उड्डाणं झाली. सगळ्यात उंच गेलं ते ६२० किलोमीटरच्या आसपास, हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी. राजेहो, रस्त्याने पुणंसुद्धा आपल्याला यापेक्षा लांब पडतं! चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर.

तरी खरी अडचण अंतराची नाही, वेगाची आहे. कक्षेत शटलचा वेग सेकंदाला ७.८ किलोमीटरच्या आसपास असायचा. तिथून चंद्राकडे निघायचं तर त्यात आणखी ३.१ किलोमीटरची भर हवी. पण इंधनाची मोठी नारिंगी टाकी कक्षेत शिरण्याआधीच रिकामी होऊन सुटलेली. उरलेल्या छोट्या इंजिनांकडे जेमतेम ०.३ किलोमीटरपुरतं इंधन. पंख आणि चाकं चंद्रावर निव्वळ ओझं, कारण तिथे हवाच नाही.

परतीचं तर विचारूच नका. चंद्रावरून येणारं यान सेकंदाला ११ किलोमीटरच्या वेगाने वातावरणात घुसतं, म्हणजे किलोमागे ऊर्जा शटलच्या दुप्पट. शटलच्या उष्णतारोधक टाइल्स पुन्हा वापरता याव्यात म्हणून बनवलेल्या, आणि त्याही कक्षेतल्या वेगासाठी. अपोलोचं उष्णताकवच मात्र थोडं थोडं जळून झिजावं, असंच बनवलेलं. २०२२ मध्ये चंद्राला फेरी मारून आलेल्या नासाच्या ओरायन यानाचंही तसंच.

मग पुन्हा वापरता येणारं यान चंद्रावर जाऊन येईल का? येईल, पण कक्षेत इंधन भरायची सोय हवी. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप यानाचा बेत तोच आहे. गंमत म्हणजे नासासाठी बनणाऱ्या त्याच्या चांद्र-आवृत्तीला उष्णताकवच नाही. माणसं पृथ्वीवर परतणार ती ओरायनमधून. मला ही वाटणी पटते. जे यान वातावरणात शिरणारच नाही, त्याने कवच कशाला वाहायचं? २०२३ मध्ये इस्रोने चांद्रयान-३ चं प्रोपल्शन मॉड्यूल, म्हणजे इंजिन-इंधनाचा भाग, उरलेल्या इंधनावर चंद्राच्या कक्षेतून पृथ्वीच्या कक्षेत परत आणलं. तेही जमिनीवर उतरण्यासाठी बनवलेलं नव्हतंच.