कुत्र्याची रुची व आहार

कुत्रा (कॅनिस फॅमिलियारिस) या प्राण्याचे रसनेंद्रिय, त्याला जाणवणाऱ्या चवी आणि त्याच्या पोटात प्रत्यक्ष जाणारे अन्न हा या नोंदीचा विषय आहे. व्यवहारातील उदाहरणे मुख्यतः इंदूरच्या मराठी घरांतली व रस्त्यांवरची घेतली आहेत. लिनीअसने १७५८ मध्ये कुत्र्याला स्वतंत्र जाती मानले. पुढे १९९३ पासून त्याला लांडग्याची उपजाती मानण्याचा प्रघात पडला, पण तो सर्वमान्य नाही. प्राणिशास्त्रात कुत्र्याचा गण मांसाहारी असला, तरी गणाचे नाव म्हणजे आहार नव्हे. अस्वलही त्याच गणातले आहे.

कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १,७०० रुचिकलिका (चव ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके) असतात, असा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. माणसासाठी ९,००० आणि मांजरासाठी ४७० हे त्याच्या जोडीचे आकडे. मोजणीच्या पद्धतीनुसार ते पुष्कळ बदलतात. क्रम मात्र बदलत नाही. रुचिकलिका जिभेच्या पुढच्या भागात छत्रीच्या आकाराच्या अंकुरांवर विखुरलेल्या असतात आणि मागच्या बाजूस चराने वेढलेल्या मोजक्या मोठ्या अंकुरांत दाटलेल्या असतात. गोड, आंबट, खारट, कडू व मांसरस (उमामी) या पाचही चवी कुत्र्याला कळतात. त्यांतली खारट चव त्याला माणसाइतकी ओढून घेत नाही. त्याच्या पूर्वजांना मांसातूनच पुरेसे सोडियम मिळत असावे, असे स्पष्टीकरण दिले जाते व ते पटण्यासारखे आहे. उलट काही अमिनो अम्लांना व न्यूक्लिओटाइडांना त्याचे रुचितंतू जोरकस प्रतिसाद देतात. स्वीडिश शरीरक्रियावैज्ञानिक इंग्वे झॉटरमन व त्यांचे सहकारी यांना १९५० च्या दशकात कुत्रा, मांजर इत्यादी प्राण्यांत साध्या पाण्याला प्रतिसाद देणारे तंतू आढळले. यावरून ‘कुत्र्याला पाण्याची वेगळी चव असते’ असे लोकप्रिय लेखनात ठामपणे सांगितले जाते. मूळ निरीक्षण त्याहून बरेच संयत आहे.

गोडाबाबत कुत्रा व मांजर यांच्या वाटा वेगळ्या आहेत. गोड चवीच्या ग्राहकाचा (रिसेप्टरचा) एक घटक घडवणारे जनुक मांजरकुळात निकामी झाले आहे, असे २००५ मध्ये दाखवून देण्यात आले. कुत्र्यात ते शाबूत आहे. म्हणून मांजर पेढ्याकडे ढुंकून पाहत नाही आणि कुत्रा डबा उघडण्याच्या आवाजाला उठून बसतो. (औषधाची गोळी पेढ्यात दडवून देण्याची घरगुती युक्ती यावरच चालते. कडू चवीचे ग्राहक कुत्र्यात माणसापेक्षा कमी असले, तरी गोळी नुसती दिल्यास तो ती बरोबर बाहेर टाकतो.) उज्जैनकडे भैरवाष्टमीला कुत्र्यांना जिलबी किंवा इमरती घालतात. धर्मशास्त्राचे काहीही असो, जिभेच्या दृष्टीने ही निवड अचूक आहे.

तरीही अन्नाची निवड जीभ करत नाही, नाक करते. कुत्र्याच्या नाकातील गंधग्राही पेशींची संख्या २२ ते ३० कोटी सांगितली जाते, माणसातली ५० ते ६० लाख. सकाळी इंदुरात पोह्यांच्या ठेल्याजवळ उभे राहिले, तर हा क्रम डोळ्यांनी पाहता येतो. फेकलेला दोणा कुत्रा आधी हुंगतो, पंजाने उलटा करतो, जिलबीचा पाक लागलेली कड चाटून साफ करतो आणि तेलकट शेव लागलेले पोहे दोन घासांत गिळतो. दोण्यात उरतात लिंबाची फोड आणि कच्चा कांदा. या कांद्याकडे पुढे परत यावे लागेल.

पोळी-भाकरीवर कुत्रा जगतो कसा, हा या विषयातला सर्वांत वादग्रस्त भाग. त्याच्या लाळेत पिष्ट फोडणारे अमायलेज हे विकर (एन्झाइम) जवळजवळ नसते. पोळीचा घास चावत राहिल्यावर आपल्या तोंडात येणारी गोडी त्याला लाभत नाही, आणि तो चावण्याच्या भानगडीत फारसा पडतही नाही. पिष्टाचे पचन स्वादुपिंडातून येणाऱ्या अमायलेजवर चालते. स्वीडनमधील एरिक अ‍ॅक्सेलसन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लांडगे व कुत्रे यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध केली. तीत या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात २, तर कुत्र्यांत ४ ते ३० आढळल्या. माणसाने टाकलेल्या पिष्टमय अन्नावर जगू शकणारे लांडगेच कुत्रे झाले, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. रेमंड कॉपिंजर यांनी आधीच मांडलेल्या उकिरडा-सिद्धांताशी, म्हणजे वस्तीच्या उकिरड्यावर चरणारे धीट लांडगे आपणहून माणसाळले या मताशी, तो जुळणारा होता.

अडचण कालगणनेची आहे. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे माणसांसोबत पुरलेला कुत्रा सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा मानतात. त्याहून जुने म्हणून पुढे केलेले अवशेष कुत्र्याचे की लांडग्याचे, याबद्दल एकमत नाही. त्या काळात शेती नव्हती, स्थिर गावे नव्हती, म्हणजे पिष्टाचे उकिरडेही नसावेत. शिवाय डिंगो (ऑस्ट्रेलियातला रानटी कुत्रा) व सायबेरियन हस्की यांच्यात अमायलेज जनुकाच्या प्रती कमीच आहेत, आणि प्राचीन हाडांच्या अभ्यासात वाढीव प्रती दिसू लागतात त्या आग्नेय युरोपातील सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांत. २०२१ मध्ये मारिया लाहतिनेन व सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली: हिमयुगातल्या शिकारी माणसाला चरबीविरहित मांस एका मर्यादेपलीकडे पचत नसे, आणि ते उरलेले मांस लांडग्यांच्या वाट्याला गेले. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. माणसाळणे आधी, उरलेल्या मांसावर, आणि पोळी पचवण्याची ताकद नंतर, शेतीतून उरलेल्या अन्नावर, हा क्रम उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळतो.

जीवनसत्त्व ‘अ’ कुत्रा गाजरातल्या कॅरोटीनपासून बनवू शकतो. मांजराला ते जमत नाही. टॉरिन हे अमिनो अम्लही तो सहसा स्वतः तयार करतो. त्यामुळे शाकाहारी घरातला कुत्रा तगतो. मात्र नुसत्या दूध-पोळीवर वाढणाऱ्या पिल्लाला प्रथिने कमी पडतात, आणि वय वाढेल तसे दुधातील शर्करा पचवणारे विकर घटत असल्याने मोठ्या कुत्र्याला दुधाने ढाळ लागू शकते. ‘कुत्र्याला तूप पचत नाही’ ही म्हण मात्र शास्त्राला धरून नाही. चरबी कुत्रा उत्तम पचवतो. एकदम पुष्कळ खाल्ल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, इतकेच. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव म्हणीपेक्षा शरीरशास्त्राच्या जवळ होते.

भटक्या कुत्र्यांवर कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा व सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग भारतीय परिस्थितीसाठी विशेष उपयुक्त आहेत. मांसाचा वास आला की ते आधी खायचे, असा ढोबळ नियम हे कुत्रे पाळतात. वास मांसाचा आणि पदार्थ पिष्टमय असला, तरी ते फसतात.

इंदूरच्या मराठी घरांत कुत्र्याच्या घासाला धार्मिक बैठक आहे. श्राद्धातील पंचबलींत, म्हणजे काढून ठेवलेल्या पाच घासांत, एक श्वानबली, कुत्र्याचा घास, असतो. त्याचा मंत्र यमाच्या श्याम व शबल या दोन कुत्र्यांना उद्देशून आहे. रोजच्या स्वयंपाकात पहिली पोळी गायीची, शेवटची कुत्र्याची, ही माळव्यातली सर्वसाधारण रीत या घरांनीही उचलली आहे. खास मराठी म्हणावा असा भाग खंडोबाचा. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड असून राजवाड्यात त्याचे देऊळ आहे. कुत्रा हा या देवाचा सोबती. खंडोबाच्या वाघ्यांमध्ये कुत्र्याप्रमाणे भुंकण्याची व पात्रात तोंड घालून खाण्याची प्रथा होती. कर्नाटकात मैलाराच्या (खंडोबाच्या तिथल्या रूपाच्या) भक्तांतही तिचे प्रतिरूप आढळते. ‘वाघ्या’ हे नाव कुठून आले यावर मतभेद आहेत. भंडाऱ्याची पिशवी वाघाच्या कातड्याची असे म्हणून, असे एक मत. देवाच्या दर्शनाने माणूस झालेले वाघ, अशी दंतकथा. आणि धनगरांच्या कुत्र्यालाच ‘वाघ्या’ म्हणत, त्यावरून, असे तिसरे मत. भुंकण्याच्या प्रथेचा उलगडा फक्त तिसऱ्यातून होतो.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, बाजरीचा रोडगा व वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य होतो आणि त्यातला घास कुत्र्याला घालतात.

रस्त्यावरच्या कुत्र्याचा आहार अलीकडे बदलला आहे. इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सातत्याने अव्वल ठरले. घरोघरी कचरागाडी येऊ लागली व रस्त्यांवरच्या कचरापेट्या गेल्या. ओला कचरा आता देवगुराडिया येथील, रोज ५५० टन क्षमतेच्या जैववायू प्रकल्पाकडे जातो (उद्घाटन : फेब्रुवारी २०२२). कॉपिंजरांचा उकिरडाच इथे उचलला गेला असे म्हणता येईल. कुत्र्याच्या वाट्याला उरतात ठेल्यांचे दोणे आणि माणसाने हाताने टाकलेले अन्न. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी असे अन्न घालण्याच्या जागा ठरवण्याची तरतूद केली आहे. या जागा जिने, इमारतींची प्रवेशद्वारे व मुलांची खेळण्याची ठिकाणे यांपासून दूर असाव्या लागतात.

विषारी पदार्थांत चॉकलेट (थिओब्रोमीन), द्राक्षे व बेदाणे (मूत्रपिंडाला इजा) आणि साखरविरहित च्युइंगगममधील झायलिटॉल (रक्तशर्करा एकदम घसरते) हे प्रमुख. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे यासाठीच वेचून काढावेत. कांदा व लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतात. शरीराच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा गेल्यास रक्तात लक्षणीय बदल दिसतात, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला सुमारे पाव ते अर्धा किलो. कच्चा कांदा तो पोह्यांच्या दोण्यात सोडून देतो. पण शिजलेला कांदा रश्श्यात किंवा भरितात मिसळला की वासाला भुलून गिळतो, आणि शिजवल्याने त्याचे विष जात नाही. चंपाषष्ठीचे भरीत नेमके पातीच्या कांद्याचे असते, कारण चातुर्मासात सोडलेला कांदा त्या दिवशी पुन्हा घरात येतो. एका घासाने कुत्र्याला काही होत नाही. पण एकाच आळीतल्या दहा घरांचा नैवेद्य एकाच कुत्र्यापुढे येतो. रोडगा कोरडाच घालावा.