दोरीवर वाळणारा एन-९५

२०२० साली आमच्या सोसायटीत बाल्कनी-बाल्कनीत कपड्यांच्या दोरीला एन-९५ मास्क चिमटा लावून वाळत असायचे. आमच्याकडेही. साबणाने खसाखसा धुतलेले, लख्ख, आणि निम्मे निकामी झालेले.

मास्क म्हणजे चाळणी, असंच आम्ही धरून चाललो होतो. मग शंका यायचीच: करोनाचा विषाणू जेमतेम ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मास्कची भोकं त्याहून मोठी, तर तो अडेल कसा? पण मास्क चाळणीसारखा चालतच नाही. त्यात पॉलिप्रॉपिलिन या प्लॅस्टिकच्या अतिबारीक तंतूंचं जंजाळ असतं. मोठ्या थेंबांना हवेबरोबर वळणं घेता येत नाहीत, ते तंतूंवर आदळतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरभैर फिरतात आणि कुठेतरी चिकटतात. खरे चुकार ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे. म्हणून एन-९५ची परीक्षा त्याच आकाराच्या कणांवर होते. किमान ९५ टक्के अडायला हवेत. ते साधतं तंतूंवरच्या विद्युतभारामुळे. केसांवर घासलेली फुटपट्टी कागदाचे कपटे ओढते ना, तसं. साबण आणि अल्कोहोल नेमका हा भार घालवतात. मास्क दिसायला तसाच राहतो.

ऑक्सिजन कमी पडेल ही भीती मात्र फोल होती. त्याचा रेणू विषाणूच्या शेकडो पटींनी लहान, तो आरामात ये-जा करतो. उकडतं, घाम येतो, हे खरंच. दोन वर्षांखालच्या बाळांना मास्क लावू नये, हेही खरं.

आणि उपयोग? बांगलादेशातल्या ६०० गावांत, ३ लाखांहून अधिक प्रौढांवर याचा मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत मास्क वाटले, समजावलं. तिथे ४२ टक्के लोक मास्क लावू लागले, बाकीच्या गावांत १३ टक्केच. लक्षणं असलेला आणि रक्ततपासणीत सिद्ध झालेला संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी घटला. आकडा किरकोळ वाटतो, पण त्या गावांतही निम्म्याहून जास्त तोंडं उघडीच होती! सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत साठीपुढच्यांमधली घट ३५ टक्के निघाली. डेन्मार्कमधल्या दुसऱ्या एका प्रयोगात ठाम फरक दिसला नाही. पण तिथे मास्क लावणाऱ्याचाच बचाव मोजला होता, त्याच्यापासून इतरांचा नाही.

कापड कितीही उत्तम असो, हवा सोपी वाट शोधते. चष्म्यावर वाफ धरली की समजावं, नाकापाशी फट आहे. तिथली पट्टी दाबून बसवावी.

दोरीवरचे मास्क आम्ही पुढे उतरवले. पाच कागदी पिशव्यांवर वारांची नावं घातली आणि दाराजवळच्या खिळ्यांना टांगल्या. सोमवारचा मास्क थेट पुढच्या सोमवारी, न धुता.