आशाताईंच्या गृहभेटींमागचा इतिहास

दवाखान्यात बाळ जन्मल्यावर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईने घरी जायचं, बाळाचं वजन, ताप आणि श्वास तपासायचा, असं आज सरकारी वेळापत्रक आहे. त्याची मुळं मंत्रालयात नाहीत, जामखेड आणि गडचिरोलीत आहेत.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. बाहेरून आलेल्या प्रशिक्षित नर्स गावात रमेनात, तेव्हा गावातल्याच बायकांना शिकवायचं ठरलं. त्यांत कित्येक निरक्षर होत्या, अनेकजणी दलित. दुष्काळात विंधण विहिरी दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथेच यावं लागेल. आरोग्याच्या कामाने जातीला असा हात घातला, हे मला लसीकरणाच्या आकड्यांहून मोठं वाटतं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीची वाट वेगळी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग आधी वर्धा जिल्ह्यात शेतमजुरांमध्ये काम करत होते. रोजची ४ रुपये किमान मजुरी ज्या हिशेबावर ठरली होती, त्यात मजुराच्या अन्नाची गरजच कमी धरली होती. तो हिशेब अभय बंगांनी नव्याने मांडला आणि मजुरी १२ रुपये हवी, असं दाखवलं. म्हणजे सुरुवात दवाखान्यातून झालीच नव्हती, पोटापासून झाली होती.

१९८६ मध्ये गडचिरोलीत बंग दांपत्याची ‘सर्च’ ही संस्था उभी राहिली. सुरुवातीला तिथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास झाला. रुग्ण भरपूर सापडले, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटेना. त्यांच्या डोळ्यांसमोर मुलं मरत होती. मग आधी न्यूमोनिया घेतला. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मिनिटाची वाळूची घडी आणि मणी असलेलं साधन बनवलं: १० श्वास झाले की एक मणी सरकवायचा. गावातच गोळ्या देऊन मृत्यू घटतात, हे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

तरी पहिल्या महिन्यातले मृत्यू उरलेच. त्यासाठी ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या आणि तुलनेला ४७ गावं घेतली. वजन घेणं, ऊब देणं, स्तनपानाला मदत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, हे सगळं त्या घरातच करत. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी साधारण २५ वर आला. निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्या बाईच्या हातात इंजेक्शन, या कल्पनेनेच अनेक डॉक्टर अस्वस्थ झाले होते.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून आशा आल्या, आणि २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवा त्यांच्या कामात धरली गेली. इंजेक्शन त्यांच्या हाती दिलं गेलं नाही. भेटींची पूर्ण मालिका झाली की एका बाळामागे २५० रुपये ठरले, तेही पगार म्हणून नव्हे, कामागणिक मोबदला म्हणून. महाराष्ट्रातल्या आशांनी २०२१ आणि २०२३ मध्ये संप केले, ते याच मोबदल्यावरून. मजुरीचा हिशेब चुकीचा धरला जातो, ही वर्ध्यातली जुनी तक्रार आता त्यांच्या तोंडी आहे.