पर्यावरणविषयक पूर्वमंजुरीतून सूट (भारत)

खाण, धरण, महामार्ग, कारखाना किंवा मोठी इमारत उभारण्याआधी शासनाची पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी घ्यावी लागते. या मंजुरीतून, किंवा तिच्या एखाद्या टप्प्यातून, प्रकल्पाला कायद्याने मोकळे करणे म्हणजे सूट. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने ही मंजुरी प्रथम सक्तीची केली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची जागा घेतली आणि अनेक दुरुस्त्यांसह तीच आज लागू आहे.

२००६ च्या रचनेत ‘अ’ वर्गातील प्रकल्प केंद्रीय मंत्रालयाकडे, तर ‘ब’ वर्गातील प्रकल्प राज्य प्राधिकरणाकडे जातात. ‘ब’ वर्गाचे पुन्हा दोन भाग आहेत आणि त्यांपैकी ‘ब-२’ मधील प्रकल्पाला आघात मूल्यांकन अहवालही (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) लागत नाही आणि जनसुनावणीही लागत नाही. त्यामुळे प्रकल्प कोणत्या रकान्यात बसतो, हा वरकरणी कारकुनी वाटणारा प्रश्नच पुष्कळदा सुटीचा खरा निर्णय ठरतो.

जनसुनावणीपुरती सूट अधिसूचनेतच नोंदलेली आहे. सिंचन प्रकल्पांचे आधुनिकीकरण, मंजूर औद्योगिक वसाहतींमधील प्रकल्प, नवे भूसंपादन न करता होणारे रस्तारुंदीकरण, बांधकाम व नगरवसाहत प्रकल्प, तसेच केंद्र सरकार ज्यांना संरक्षणविषयक किंवा सामरिक ठरवील ते प्रकल्प यांना ती मिळते. चालू प्रकल्पाचा विस्तार करायचा असेल, तर तज्ज्ञ मूल्यांकन समिती अर्ज पाहून नव्याने सुनावणी हवी की नको हे ठरवते. ही सूट किरकोळ मानू नये. जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली, तीस दिवसांची सूचना देऊन होणारी आणि जिच्यातील मुद्दे स्थानिक भाषेतही नोंदवले जातात अशी ही सुनावणी म्हणजे बाधित गावकऱ्याला या प्रक्रियेत बोलता येण्याची प्रमुख जागा आहे.

पूर्ण सूट मात्र सहसा एकेका प्रकल्पाला नव्हे, तर प्रकल्पांच्या प्रकाराला मिळते आणि त्यासाठी अधिसूचनाच दुरुस्त करावी लागते. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांतील नियम ५(३) नुसार मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकतींसाठी साठ दिवस द्यावे लागतात. नियम ५(४) नुसार सार्वजनिक हितासाठी ही पायरी वगळता येते. सूट देण्याच्या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक सांधा हाच आहे. हरकत घेण्याचा अधिकार काढून घेणारी दुरुस्तीच हरकती न मागवता करता येते, ही बाब लोकशाही दृष्टीने गंभीर आहे.

२८ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदी लागू होऊन चारच दिवस झाले असताना, अशी एक दुरुस्ती झाली. तिने रस्ते, पाइपलाइन यांसारख्या रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढण्यास पूर्वमंजुरीतून मुक्त केले. नोबल पैकडा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २१ मार्च २०२४ रोजी न्या. अभय ओक व न्या. संजय करोल यांच्या सर्वोच्च न्यायालयीन खंडपीठाने ती तरतूद मनमानी आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ चा भंग करणारी ठरवून रद्द केली. रेषीय प्रकल्पाची व्याख्या नव्हती, काढायच्या मातीला मर्यादा नव्हती आणि हरकतींची पायरी का वगळली याचे कारणही दिलेले नव्हते. ही तरतूद अधिसूचनेच्या ज्या परिशिष्टात होती, त्याच परिशिष्टात कुंभारांनी हाताने माती काढणे, पुरानंतर शेतकऱ्याने शेतातली वाळू उपसणे, गावतळ्यातला गाळ काढणे यांनाही सूट आहे. त्या सुटी न्याय्य आहेत, कारण तिथे कामाचे प्रमाण कामाच्या स्वरूपातच ठरलेले असते.

२९ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने औद्योगिक शेड, शाळा, महाविद्यालये व वसतिगृहे यांच्या बांधकामांना दिलेली सूटही टिकली नाही. मुंबईतील वनशक्ती या संस्थेच्या याचिकेवर ५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. वीस हजार चौरस मीटरांहून मोठ्या बांधकामाचा पर्यावरणावर परिणाम होतोच, मग त्याचा वापर शिक्षणासाठी असो वा उद्योगासाठी, असा त्यामागचा विचार होता.

हरकतींचे साठ दिवस मिळाले तरी भाषेचा प्रश्न उरतो. नव्या अधिसूचनेचा २०२० चा मसुदा आधी इंग्रजी व हिंदीतच होता. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये, म्हणजे मराठीतही, त्याचे भाषांतर प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली.