रिपोर्ट येण्याआधीचे महिने : थोडी पार्श्वभूमी

मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी कॅन्सरच्या उपचारांसाठी सुरू झालं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं, परदेशात वारल्या. तिथे मिळणारे उपचार इथल्या माणसांनाही मिळावेत, असं त्यांचे पती दोराबजी टाटा यांच्या मनात होतं आणि दोराबजींच्या पश्चात त्यांच्या ट्रस्टनं ते तडीस नेलं. हॉस्पिटल झालं, पण रोगी तिथवर किती उशिरा पोचतो आणि मधल्या काळात त्याच्या घरात काय चाललेलं असतं, याचा इतिहास वेगळाच आहे. साठच्या दशकात इंडियन कॅन्सर सोसायटीनं मुंबईत कॅन्सर रुग्णांची नोंदणी सुरू केली. देशातली ती पहिली. पण अशी नोंद होते ती निदान झाल्यावर.

त्याआधीचे महिने बहुतेक घरांत सारखेच असतात. वर्षानुवर्षं तंबाखू खाणाऱ्याला आधी आमटी झोंबायला लागते. मग तोंड नीट उघडत नाही, भाकरी कालवून खावी लागते. गालाच्या आतला चट्टा दुखत नाही, म्हणून तो कुणाला दाखवायचा नसतो. पुढे दाढ हलते, ती काढली जाते, जखम मात्र भरत नाही. मधल्या काळात बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं मलम झालेलं असतं. पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झालेल्या बाईला पुन्हा अंगावरून जायला लागतं, तेव्हा ती शेजारणीला सांगते, ‘पाळी परत आली बघ.’ मुलाला सांगायची सोय नसते. सुनेच्या लक्षात येतं ते धुण्यामुळे. कुणी तुकडा काढून तपासायला (बायॉप्सी) सांगितलं, की घरात वाद सुरू होतो, कारण ‘सुरी लागली की पसरतो’ हा समज अजून पक्का आहे.

मोठ्या हॉस्पिटलात पोचल्यावर पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘इतके दिवस अंगावर का काढलंत?’ हा प्रश्न मला अर्धाच खरा वाटतो. काहींनी खरंच अंगावर काढलेलं असतं, पण पुष्कळांनी तोवर दोन-तीन दवाखाने पालथे घातलेले असतात. तोंडात बॅटरी मारून बघायचं मात्र कुणाला सुचलेलं नसतं.

हे महिने कमी करता येतात, हे दाखवलं सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीनं. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यातली माणसं हॉस्पिटलात येतच नव्हती, तेव्हा टेबलाशी बसून नोंदणार काय? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. कुणाला गाठ आहे का, अंगावरून जातं का, तोंडातली जखम भरत नाही का, हे त्यांनी विचारलं आणि संशय वाटला त्यांना तपासणीला यायला लावलं. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीच्या टप्प्यात सापडू लागले. यात यंत्र नव्हतं. कुणीतरी दारात येऊन विचारत होतं, एवढंच. या कामाचं व्हायला हवं होतं तेवढं कौतुक झालं नाही, असं मला वाटतं.

पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३० हजारांहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी) केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जाहीर झालं. (तुलनेसाठी ज्या गटाची तपासणीच केली नाही त्यातल्या बायकांचं काय, यावर नंतर वादही झाला आणि तो रास्त होता.)

२०१६ मध्ये केंद्रानं तिशीपुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करायच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के, स्तनांची ०.९ टक्के.

आणि उपकेंद्रात चट्टा दिसला, तरी तुकडा काढायला तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागतं. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झालेल्या आणि आता महात्मा फुले नावानं चालणाऱ्या योजनेतून उपचारांचा खर्च मिळतो, पण तो निदान हाती आल्यावर. तोवर बाहेर केलेली सोनोग्राफी, एसटीचं भाडं आणि सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी घरातूनच जाते.