मिरजेचे जुने तंबोरे आणि त्यांच्या दुरुस्तीचा इतिहास

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वर्तमानपत्रांत फोटो आले आणि नव्या वाद्यांच्या मागणीची चर्चा झाली. पण मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुठल्याही कारखान्यात डोकावलं, तर नव्या वाद्यांच्या शेजारी भिंतीला टेकवलेली जुनी वाद्यंही दिसतात. एखाद्याची तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, बसलेली असते, एखाद्याच्या भोपळ्याला तडा गेलेला असतो. ही आजीची, आजोबांची, गुरुजींची वाद्यं दुरुस्तीला आलेली असतात. आणणाऱ्यांची मागणी बहुतेकदा एकच असते, ‘अगदी नव्यासारखा करून द्या.’ मला ही मागणी काळजीची वाटते. ती का, हे कळायला या गावातला धंदा कसा उभा राहिला ते आधी पाहावं लागतं.

मिरजेत तंतुवाद्यं बनू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. सुरुवात केली फरीदसाहेब आणि मोहिउद्दीन या शिकलगार बंधूंनी. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे, हत्यारं घडवणारे कारागीर. इंग्रजी अंमल बसला तसं हत्यारांचं काम आटलं. इकडे पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे मिरजेत गवई येत होते, आणि त्यांची उत्तरेकडून आलेली वाद्यं बिघडली की नीट करून द्यायला जवळपास कुणी नव्हतं. ते काम या भावांकडे आलं. आधी दुरुस्ती केली, मग वाद्य उघडून आतली रचना समजून घेतली आणि मग स्वतः नवं वाद्य घडवलं, अशीच हकीकत गल्लीत आजही सांगतात. पुढे या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. दुसऱ्याच्या हातची वस्तू सांभाळून उघडणं हे या धंद्याच्या मुळाशीच आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

गावात गाणं होतं म्हणून हा धंदा टिकला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच शिकले, 1896 साली मिरजेतून बाहेर पडले आणि 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं दरबारातून शाळेत आणि शाळेतून मध्यमवर्गीय घरांत गेलं, ते या चळवळीमुळे. घरात मुलगी गाणं शिकते म्हणून कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा असणं, हे दृश्य त्यानंतरचं. आज दुरुस्तीला येणाऱ्यांत या घरगुती तंबोऱ्यांचा वाटा मोठा आहे.

दुसरं नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचं. मूळचे उत्तर प्रदेशातल्या किराणा (कैराना) गावचे खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. 1937 साली प्रवासात त्यांचं निधन झालं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांना दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ तिथे उरुसात दरवर्षी संगीतसभा होते. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात वाकबगार होते. तंबोरा मनासारखा लागल्याशिवाय न गाणारा इतका चोखंदळ गवई गावात राहत असेल, तर कारागिराचा कान तयार होणारच. मिरजेच्या तंबोऱ्याच्या आवाजाची जी गोलाई आपण वाखाणतो, ती गाणाऱ्यांनी आणि घडवणाऱ्यांनी मिळून कमावलेली आहे.

आता वाद्याकडे येऊ. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे खराखुरा कडू भोपळा. तो येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. वेलावरच मोठा होऊ द्यायचा, वाळवायचा, मग पाण्यात भिजवून तोंड कापायचं, आतला गर खरवडून काढायचा आणि काटक्यांचा ताण देऊन पुन्हा सुकवायचा. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. हे सगळे भाग पूर्वी सरसाने जोडत. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेला, गरम करून लावायचा डिंक. वरून चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश.

या दोन गोष्टींवर जुन्या वाद्याची सगळी दुरुस्ती उभी आहे. सरसाचा सांधा ऊब आणि ओलावा मिळाला की सुटतो. कारागीर तबलीच्या कडेने पातळ सुरी फिरवत फिरवत ती अख्खी उचलून काढतो. भोपळ्याचा तडा आतून कापडाच्या पट्ट्या आणि सरस लावून बांधतो आणि तीच तबली पुन्हा जागेवर बसवतो. बाहेरून पाहणाऱ्याला कळतही नाही. चपड्याचं पॉलिशही तसंच आहे, उडालेल्या जागी नवा हात देता येतो. मधल्या काळात कुणीतरी घरच्या घरी दोन भागांचं रासायनिक गोंद भरलं असेल, तर तो सांधा सुटत नाही, लाकूडच फाटतं. असं वाद्य समोर आलं की अनुभवी कारागिराचा चेहरा पडतो. माझ्या मते काळापेक्षा अशा घाईच्या डागडुजीनेच जुन्या तंबोऱ्यांचं जास्त नुकसान झालं आहे.

मग मूळ ते काय, हा प्रश्न उरतो, आणि तंबोऱ्याच्या बाबतीत तो सरळ नाही. तारा बदलायच्याच असतात. जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या सुराला गुंजन देणारी घोडीची घडण, तीही कायमची नसते. तारा ज्या पट्टीवरून जातात त्या घोडीच्या वरच्या पृष्ठभागाला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार त्याला जेमतेम घासत जाते, खाली सुती दोऱ्याचा जीव सरकवला की सूर उघडतो. वर्षानुवर्षांच्या वापराने तारा घोडीत बारीक खाचा पाडतात आणि आवाज चोंदतो. मग कानशीने, पॉलिश पेपरने तो उतार पुन्हा काढायचा, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. घोडी दर वेळी थोडी झिजते आणि शेवटी बदलावी लागते. म्हणजे घोडी, तारा, जीव, सूर बारीक जुळवायचे मणी हे वाद्याचे खर्ची पडणारे भाग. भोपळा, दांडी, तबली, खुंट्या आणि नक्षी हे वाद्याचं अंग. अंगाला शक्यतो हात लावू नये.

नक्षीचा मुद्दा तर कायद्याशीही जोडलेला आहे. जुन्या उंची वाद्यांवर हस्तिदंताचं आणि सांबरशिंगाचं काम आढळतं. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हे पदार्थ धंद्यातून गेले आणि त्यांची जागा उंटाचं हाड, आबनूस, सेल्युलॉइड, फायबर यांनी घेतली. त्यामुळे निखळलेला तुकडा तसाच मिळत नाही. अशा वेळी उरलेली नक्षी काढून सगळीकडे नवी पट्टी मारण्यापेक्षा तेवढाच तुकडा दुसऱ्या साहित्यात, रंग जुळवून बसवणं योग्य. जोड ओळखू आला तरी हरकत नाही.

वाद्यं घरात पडून राहण्यामागे आणखी एक कारण आहे. 1979 च्या सुमारास बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला, मग मोबाइलवर ॲप आली. रियाजाची सोय झाली, यात शंका नाही. पण तंबोरा गवसणीत गेला. पावसाळ्यात ओल धरली, उन्हाळ्यात तडा गेला, तारा तशाच ताणलेल्या राहिल्याने तबली दबली. वीस-तीस वर्षांनी कुणीतरी माळ्यावरून तो खाली काढतं आणि आईची आठवण म्हणून मिरजेला घेऊन येतं.

अशा वाद्यावर आईच्या हाताच्या खुणा असतात. दांडीवर जिथे बोटं टेकत तिथलं पॉलिश गेलेलं असतं, भोपळ्यावर मांडीचा घासा असतो, कधी खुंटीवर खडूची पूड तशीच असते, कधी दुकानाच्या नावाची छोटी पट्टी. ‘नव्यासारखा’ करताना पहिला बळी यांचाच जातो. सगळं खरवडून चकचकीत लॅकर मारलं की तंबोरा सुंदर दिसतो, पण आणलेला तंबोरा हाच, हे घरच्यांनाच पटेनासं होतं. चांगले कारागीर म्हणूनच आधी विचारतात, ‘गायला हवाय की ठेवायला?’ गायला हवा असेल तर जवारी, तारा, सैल खुंट्या आणि तडे एवढंच पुरतं. ठेवायचाच असेल तर कीड मारून, तारा उतरवून, धूळ पुसून द्यायचा आणि बाकीच्याला हात लावायचा नाही.

वाद्य देताना मालकानेही काही गोष्टी स्पष्ट बोलाव्यात. आधी चारी बाजूंनी फोटो काढावेत. सांधा सरसानेच जोडावा असं सांगावं. पॉलिश करायचं तर चपड्याचं, आणि तेही उडालेल्या जागीच. बदललेली घोडी, मणी, तुटकी खुंटी परत मागून घ्यावी आणि कापडी पिशवीत वाद्यासोबत ठेवावी, कारण पुढच्या कारागिराला मापासाठी तीच लागते. काय बदललं, कधी आणि कुणाकडून, हे कागदावर लिहून त्याच पिशवीत टाकावं.