विद्यार्थी मतदार, खान्देशातील

खान्देशातील विद्यार्थी मतदार : जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत शिकणारे, किंवा इथून शिक्षणासाठी पुणे, नाशिक, सुरतेकडे गेलेले, वयाची १८ वर्षे पूर्ण केलेले विद्यार्थी. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत जनतेतून थेट होणाऱ्या प्रत्येक निवडणुकीत त्यांना मताचा हक्क आहे. हा हक्क नागरिकत्व, वय आणि वास्तव्य यांवर ठरतो. शिक्षणाची किंवा मालमत्तेची अट नाही. विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ आणि विद्यापीठाच्या अंतर्गत निवडणुका यांचे नियम वेगळे असून त्यांचा विचार पुढे केला आहे.

मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजी अमलात आली. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९० रोजी, पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. म्हणजे 'उमवि'ची पहिल्यापासूनची प्रत्येक तुकडी मताचा हक्क असलेल्यांची तुकडी आहे. तरीही पदवी हातात पडेपर्यंत यादीत नावच नाही, असे विद्यार्थी आजही भेटतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा उदासीनता नसते. नाव गावाला घालायचे की शिकतो तिथे, याचा उलगडा कुणी केलेला नसतो.

गाव की वसतिगृह

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १७ व १८ नुसार एका व्यक्तीचे नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असू शकते. खोटी माहिती देऊन दोन ठिकाणी नाव ठेवणे हा कलम ३१ खाली गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. बाहेरगावी शिकणाऱ्यांना मात्र निवडणूक आयोगाने निवड दिली आहे : आईवडिलांच्या घरी नाव ठेवावे, नाहीतर वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवावे. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा असेल तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असावा लागतो, आणि अर्जाला प्राचार्य, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांच्या सहीचा बोनाफाईड दाखला जोडावा लागतो. खोली करून राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार, त्या पत्त्याचे बँक पासबुक किंवा आधार चालते. असा कोणताच कागद नसेल तर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, जागेवर येऊन खात्री करतात.

ही निवड वरवर साधी दिसते, पण तिचा परिणाम मोठा आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका या निवडणुका १९९४ साली स्थापन झालेला राज्य निवडणूक आयोग घेतो. तो मतदारांची स्वतंत्र नोंदणी करत नाही. विधानसभेची यादी ठराविक तारखेला घेऊन ती प्रभागनिहाय वा गणनिहाय फोडतो. त्यामुळे धडगाव तालुक्यातल्या खेड्याच्या मुलाने जळगावच्या वसतिगृहाचा पत्ता दिला, तर त्याचा आमदार आणि खासदार बदलतातच, शिवाय गावचा सरपंच निवडण्याचा हक्कही जातो.

अनुसूचित क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांनी याचा विचार अधिक काळजीने करायला हवा. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा व नवापूर हे तालुके, साक्री व शिरपूरमधील काही गावे, तसेच चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतील सातपुड्यालगतची काही गावे यांना अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातील पंचायतींसाठीचा पेसा कायदा, १९९६ लागू आहे. तिथे ग्रामसभेला गौण वनोपज, जमीन आणि गावाच्या विकास आराखड्यावर बोलण्याचा, ठराव करण्याचा अधिकार आहे. ग्रामसभेचे सदस्यत्व गावच्या मतदार यादीवर ठरते. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहून शिकणाऱ्या, कायदा वाचता येणाऱ्या मुलामुलींची नावे गावच्या यादीत नसली, तर ज्या सभेला त्यांची सर्वाधिक गरज आहे तिथेच त्या सभेचे सदस्य म्हणून त्यांना हात वर करता येत नाही.

सर्वसाधारणपणे असे म्हणता येईल, की दिवाळीला आणि अखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी जाणाऱ्या, शिक्षण संपल्यावर गावाशी नाते ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने नाव गावालाच ठेवणे योग्य. धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विदर्भ-मराठवाड्यातून येऊन पाचसहा वर्षे राहणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. शहराचे पाणी आणि रस्ते ते रोज वापरतात. तिथल्या महानगरपालिकेत मत देणे त्यांच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे.

नोंदणी

नव्या नावासाठी नमुना ६, तर पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा. आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर, आयोगाच्या मोबाइल ॲपवर किंवा बीएलओकडे हे अर्ज देता येतात. वयाच्या पुराव्याला दहावीचे प्रमाणपत्र पुरते. गावचे नाव शहरात आणताना पुन्हा नमुना ६ भरू नये. नमुना ८ भरल्यास जुनी नोंद वगळली जाते. नमुना ६ भरल्यास दुबार नाव तयार होते, आणि पुढे तपासणीत दोन्हींचा घोळ निस्तरावा लागतो.

पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे वयाची १८ वर्षे ज्या दिवशी पूर्ण असावी लागतात ती तारीख, होती. फेब्रुवारीत १८ पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्ष वाट पाहावी लागे. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या, आणि १७ वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज देण्याची सोयही आली. प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या वेळीच हा अर्ज भरून घेतला, तर निम्मे काम होते. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव चढत नाही. स्थानिक निवडणुकांत तर यादीची तारीख कितीतरी आधीची असू शकते : २०२५ च्या अखेरीस झालेल्या नगरपालिका निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती.

लोकसभा आणि विधानसभा

राज्यातल्या मतदारसंघांचे अनुक्रमांक खान्देशातून सुरू होतात. विधानसभेच्या १ ते २० या जागा, अक्कलकुव्यापासून मुक्ताईनगरपर्यंत, याच तीन जिल्ह्यांत आहेत; लोकसभेच्या नंदुरबार, धुळे, जळगाव व रावेर या पहिल्या चार. जिल्ह्याची हद्द आणि लोकसभेची हद्द मात्र जुळत नाही. शिरपूर व साक्री धुळे जिल्ह्यात असूनही नंदुरबारचा खासदार निवडतात, चोपडा व जामनेर रावेरचा. धुळ्याच्या मतदारसंघात मालेगाव आणि बागलाण येतात.

विद्यार्थ्यांना टपाली मतपत्रिका मिळत नाही. ती सोय सैनिक, निवडणूक कर्मचारी, ८५ वर्षांवरील ज्येष्ठ, ठराविक प्रमाणापुढील दिव्यांग व काही अत्यावश्यक सेवांसाठी आहे. म्हणून पुण्यात अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला गाडी पकडून गावी यावेच लागते, आणि मतदानाची तारीख कुठे पडते याला फार महत्त्व येते. २०२४ मध्ये अखाजी १० मे रोजी होती, आणि नंदुरबार, जळगाव व रावेरचे मतदान १३ मे रोजी. सणाला आलेल्यांना तीन दिवस थांबले की मत देता आले. धुळ्याचे मतदान २० मे रोजी होते. तिथे तो योग जुळला नाही. त्याच वर्षीची विधानसभा २० नोव्हेंबरला, भाऊबीज होऊन दोन आठवडे उलटल्यावर झाली. घरापासून दूर शिकणाऱ्या लाखो मुलांसाठी मतदानाच्या दुसऱ्या सोयीचा विचार व्हायला हवा, हे अशा तारखा पाहिल्या की पटते.

मतदान केंद्रावर कॉलेजचे ओळखपत्र पुरावा म्हणून चालत नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा छायाचित्र असलेले बँक-पोस्टाचे पासबुक न्यावे. या कागदांनी ओळख पटते, पण यादीत नाव नसेल तर त्यांतला एकही उपयोगी पडत नाही.

स्थानिक स्वराज्य संस्था

इथे एका मतदाराला एकाहून अधिक मते असतात, आणि पहिल्यांदा जाणारे नेमके इथेच गोंधळतात. ग्रामीण भागात जिल्हा परिषद गटासाठी एक व पंचायत समिती गणासाठी एक अशी दोन मते द्यायची असतात. ग्रामपंचायतीत प्रभागातील प्रत्येक जागेसाठी एक आणि सरपंचासाठी वेगळे मत असते. थेट सरपंच निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. नगरपालिकेत प्रभागाच्या जागा आणि नगराध्यक्ष. २००३ साली महानगरपालिका झालेल्या जळगाव व धुळे शहरांत बहुसदस्यीय प्रभाग असल्याने अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसमोर बटण दाबावे लागते.

या संस्थांसाठी मतदार आणि उमेदवार यांच्या वयात तीनच वर्षांचे अंतर आहे. २१ व्या वर्षी उभे राहता येते, म्हणजे पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी सरपंच होऊ शकतो. विधानसभा-लोकसभेसाठी २५, तर विधान परिषदेसाठी ३० वर्षे लागतात.

पदवीधर मतदारसंघ

विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात खान्देशासह नाशिक व अहिल्यानगर जिल्हे येतात. १ नोव्हेंबर या अर्हता तारखेपूर्वी किमान तीन वर्षे पदवी मिळालेली असावी लागते. त्यामुळे चालू पदवीचा विद्यार्थी इथे मतदार नसतो, पीएच.डी. करणारा बहुधा असतो. अर्ज नमुना १८ वर करायचा. ही यादी विधानसभेच्या यादीहून स्वतंत्र आहे आणि दर निवडणुकीपूर्वी नव्याने बनते, म्हणून मागच्या वेळी नाव होते या भरवशावर राहू नये. मागील निवडणूक ३० जानेवारी २०२३ रोजी झाली. यंत्र नसते, मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीक्रम आकड्यांत लिहायचे असतात. नावासमोर बरोबरची खूण केली तर मत बाद होते, आणि शिकल्यासवरलेल्यांच्या या निवडणुकीत बाद मतांची संख्या दर वेळी लाजिरवाणी असते. मूळ पदवी प्रमाणपत्र इथे ओळखीचा पुरावा म्हणून चालते.

स्थानिक प्राधिकारी मतदारसंघ, राज्यसभा आणि राष्ट्रपतिपद यांसाठी लोकप्रतिनिधीच मत देतात.

विद्यापीठातील निवडणुका

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी असतात : खुल्या गटाचे पाच, आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग व महिला यांचे प्रत्येकी एक. उमविची पदवी घेतलेल्यांनी विद्यापीठाकडे पदवीधर म्हणून वेगळी नोंदणी केल्यावर हे मत मिळते. शुल्कवाढ, परीक्षांचे वेळापत्रक, निकालांची दिरंगाई हे विषय अधिसभेत मांडता येतात, तरी ही नोंदणी करणारे थोडेच.

विद्यार्थी परिषदेचा इतिहास अधिक खडतर आहे. मुंबईत १९८९ मध्ये एका विद्यार्थी नेत्याचा निवडणुकीच्या वादातून खून झाला. त्यानंतर राज्यातील थेट निवडणुका बंद होऊन १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर नेमणुकीची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९९ ने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. २०१९ मध्ये त्या घेण्याचे ठरले होते, पण विधानसभा निवडणुकीमुळे पुढे गेल्या आणि मग करोना आला. लोकसभेला मत देणारा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयाचा प्रतिनिधी मात्र निवडू शकत नाही, ही स्थिती इतकी वर्षे चालू देणे अन्यायाचे आहे. कायद्यातली ही तरतूद अमलात आणण्यासाठी नव्या घटनादुरुस्तीची गरज नाही. शासनाने वेळापत्रक जाहीर करणे पुरेसे आहे.